टॉर्चवाली बंदूक आणि पांडुरंगाचा अँटेना

१. देव दिसेनात

त्या रविवारी सकाळी केरी गावात देव दिसले नाहीत.

म्हणजे देवळातले होते आपल्या जागी. टीव्हीतले आले नाहीत. पांडुरंग शेट्याच्या ओसरीवजा बलकांवात सगळा वाडा आंघोळ करून, तोंडाला पावडर फासून बसला होता. पुढे म्हाताऱ्या, मागे बायका, खांबांना टेकून पुरुष. आणि सोप्याच्या बाकावर पट्टा सैल करून एकटेच ऐसपैस पोलीस आऊटपोस्टाचे हवालदार शांताराम गावस. पांडुरंगाच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, टीव्हीला अबोलीची माळ घातली, उदबत्ती ओवाळली. पांडुरंगानं बटण फिरवलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. एका म्हातारीनं तरीही हात जोडले. देवाचं काय, तो मुंगीचंही रूप घेईल.

पांडुरंगानं टीव्हीला दोन चापट्या मारल्या. मग अंगणात जाऊन वर पाहिलं आणि असा ओरडला की माडावरचे कावळे उडाले.

अँटेना वाकला होता. अर्ध्या दांड्या गायब, उरलेल्या लोंबकळत होत्या, खाऊन टाकलेल्या बांगड्याच्या काट्यासारख्या. शिडी लावून वर चढलेला पांडुरंग खाली आला तो मूठ आवळून. शांतारामांपुढे मूठ उघडली. तळहातावर शिशाचे छर्रे.

"बंदूक!" पांडुरंग म्हणाला.

वाड्यात बंदूक एकच. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या त्या चिऱ्यांच्या कुंपणापलीकडे, कृष्णनाथ परबांच्या घराकडे.

कृष्णनाथ आणि पांडुरंग ही शांतारामांची जुनी दोस्त मंडळी. तिघांचा पत्त्यांचा डाव पावसाळ्यातही चुकत नसे. पण महिन्यापूर्वी पणजीत राजभाषेचं बिल पास झालं आणि इथे कुंपणावर युद्ध पेटलं. कृष्णनाथ मराठीवाले, पांडुरंग कोंकणीवाला. दोघंही भांडले ते लहानपणापासूनच्या एकाच पेडणेकरी बोलीत, त्यामुळे एकमेकांच्या शिव्या एकमेकांना तंतोतंत कळल्या. तेव्हापासून बोलणं बंद. दोघांनी आपापल्या बायकोलाही बजावलं, त्या घराकडे बघायचं नाही. शांतारामांना तेव्हापासून एकट्यानं पेशन्स खेळावा लागत होता.

"कंप्लेंट बरोवन घे शांताराम! हो कोंकणीवयलो हल्लो आसा!"

"अरे पांडू, तुझा टीव्ही हिंदी बोलतो. त्यात कोंकणीला कुठे लागलं?"

"माका शिकवू नको! पेडण्याच्या फौजदाराक बोलाव. त्याची बंदूक जावंक जाय, लायसन जावंक जाय, आणि तोय जावंक जाय!"

फौजदार संध्याकाळी इकडून जाणारच होते. एकदा कागद त्यांच्या हातात गेला की कृष्णनाथची बंदूक जप्त, केस उभी. मग त्याच्या कणगांच्या कंदांच्या मळ्यात रानडुकरांची जत्रा आणि दोन घरांमध्ये जन्माचं वैर. शांतारामांनी खिशाला लावलेलं पेन चाचपलं.

"शाई संपली रे," ते म्हणाले. "संध्याकाळी भरतो, मग लिहितो."

आणि पट्टा आवळत ते कुंपणाला वळसा घालून कृष्णनाथच्या दारात गेले. कडी वाजवली. दार उघडलं.

बंदुकीचं तोंड सरळ त्यांच्या छातीवर होतं.

२. घरातला एकुलता एक टॉर्च

"हात वर करू नका हो, मी चष्मा शोधतोय," कृष्णनाथ म्हणाले.

शांतारामांचे हात तोपर्यंत तुळईला लागले होते.

बंदुकीच्या नळीखाली तीन सेलांचा लांबलचक टॉर्च बसवला होता. कृष्णनाथ खाली वाकले, बंदूक खाटेखाली खुपसली, चापाशेजारचं एक पांढरं बटण दाबलं, उजेड पाडला आणि चष्मा उचलला.

"हा काय प्रकार, कृष्णा?"

"आमच्या सागरची कला." सागर म्हणजे कृष्णनाथच्या बायकोच्या, चंद्रावतीवहिनींच्या, बहिणीचा मुलगा, मूळचा सावंतवाडीकडचा. पाळीला खाणीवरच्या ट्रकांच्या गॅरेजात कामाला. "डुकरं येतात काळोखात. एका हातानं टॉर्च धरायचा की बंदूक? त्यानं ट्रकाच्या रेडिएटरच्या पायपाच्या दोन क्लिपा आणल्या, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं आणि टॉर्च नळीला आवळून टाकला. वर दारावरच्या बेलचं बटण आणून चापाशेजारी बसवलं. एकाच बोटानं उजेड, त्याच बोटानं बार!"

"मग टॉर्च काढत का नाहीस?"

"निघतोय कुठे! विळीचं टोक मोडलं, चाकू वाकला. आणि तो दीडशहाणा स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून पाळीला गेला." कृष्णनाथांचा आवाज खाली आला. "घरात टॉर्च हाच एक. आठ दिवस झाले, काळोखात न्हाणीघरात जायचं तरी बंदूक घेऊन जातो. परवा दूधवाला दूध टाकून पळाला, अजून आला नाही."

शांतारामांनी नळीला नाक लावलं. जळक्या दारूचा वास, कालचाच.

"काल बार उडालाय यातून. वाड्यात कुणी ऐकला नाही, म्हणजे सगळे भजनाला होते तेव्हा, तिन्हीसांजेला."

कृष्णनाथचा चेहरा पिठासारखा झाला. "कालच्या तिन्हीसांजेला मी देवळात भजनाला होतो! टाळ माझ्याच हातात होते. मृदंग कोण वाजवत होता, तर तो... शेजारचा. विचार त्याला! म्हणजे नको विचारू. तो खोटं बोलेल."

"आणि बंदूक?"

"चुलीवरच्या खुंटीला. तिथे कोरडी राहते. रिकामी होती." जरा थांबून, "म्हणजे, एक काडतूस होतं आत." अजून थांबून, "घोडा चढवलेला होता. बघतोस काय असा? डुक्कर काय थांबतं, तुमचा घोडा चढेपर्यंत?"

शांतारामांनी कपाळाला हात लावला. मग बंदूक खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मागची क्लिप पोलादासारखी घट्ट. पुढच्या क्लिपेखालचं रबर मात्र चुलीच्या धगीनं वितळून चपटं झालं होतं. टॉर्चचं तोंड खाली झुकलं होतं. नळी दिसत होती पुढे आणि टॉर्च लाजल्यासारखा जमिनीकडे.

तेवढ्यात चंद्रावतीवहिनी माजघरातून आल्या. एका हातात वाटी आणि पाव, दुसऱ्या हातात तेलाची दिवली. बंदूक दिसताच त्यांनी भिंतीला घासून वळसा घेतला.

"बसा भाऊ. कालचं खतखतें आसा, पावाबरोबर खावा."

"वीज गेलीय काय पुन्हा? मग टॉर्च... म्हणजे बंदूक घ्यायची, दिवली कशाला पेटवली?"

"दिवली बरी," वहिनी म्हणाल्या, आणि बसताना कंबरेवर हात दाबून 'आई गो' म्हणाल्या.

"कंबर धरली वाटतं?"

"वय झालां."

भाज्यांचं ते खतखतें असं होतं की शांताराम तपास विसरले. तिरफळं अगदी बेतानं.

"बघ!" कृष्णनाथ छाती फुगवून म्हणाले. "भांडण झाल्यापासून हिच्या हाताला वेगळीच चव आलीय. त्या घराची सावली नको, म्हणून."

शांतारामांनी वाटी उचलून शेवटचा थेंब प्यायला. वाटीचं बूड डोळ्यांसमोर आलं. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय दुकानदार भांडं देत नाही. या वाटीवरही नाव होतं.

ते वाचलं आणि हवालदारांना असा ठसका लागला की वहिनी पाणी आणायला धावल्या. वाटी मात्र त्यांनी आधी काढून नेली.

३. काळोखातला मिक्सर

"भजनाक तो होतो," पांडुरंगानं नाइलाजानं कबूल केलं. "टाळ चुकत होतो, पण होतो."

"म्हणजे कृष्णानं बार काढला नाही."

"काढूंक लायलो! त्या भाच्याकडसून! काल सांजेच्या आधी मी माज्या दोळ्यांनी पळयलां, तो सागर त्यांच्या बलकांवात बसून बंदूक रोखी होतो. खंय? माज्या अँटेनाचेर!"

ही गोष्ट शांतारामांना नवीन होती. त्यांनी वर पाहिलं. वाकलेला अँटेना, त्यामागे माडाच्या झावळीला भोकं. खाली कौल एकही फुटलेलं नाही. कुंपणाच्या पलीकडून, खालून वर आलेला बार.

"आणि वहिनी, तुम्ही कुठे होता?"

सुमनवहिनी दाराआड उभ्या होत्या. "घरातच."

"तुमच्या डोक्यावर अँटेना मोडला. काही ऐकू आलं नाही?"

"ना. मिक्सर चालू होतो ना भाऊ. वाटप काढीत होतंय."

शांतारामांनी मान डोलावली. पांडुरंगानं आतून एक ताटली आणवली.

"मणगणें खा. आमची सुमन आदीं कधी करी नाशिल्ली. आता आठवड्यातून दोनदा! त्या घराचो राग आला की हिका गोड सुचता."

मणगणें तोंडात गेलं आणि शांतारामांनी डोळे मिटले. ही चव त्यांना ओळखीची होती. वीस वर्षं प्रत्येक चतुर्थीला खाल्लेली. फक्त या घरात नव्हे.

"सुंदर," ते म्हणाले. उठता उठता दाराशी थांबले. "वहिनी, काल तिन्हीसांजेला अख्ख्या केरीत वीज नव्हती. भजन समईवर झालं. तुमचा मिक्सर कशावर चालत होता?"

ताटली सुमनवहिनींच्या हातातून निसटली आणि खणखणत बलकांवाच्या पायऱ्या उतरून अंगणात गेली.

"रगडो म्हणपाचो होतो माका," त्या म्हणाल्या. पण शांतारामांच्या नजरेला नजर दिली नाही.

४. आरोपी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो

दुपारच्या बसनं सागर उतरला तो शीळ घालत. खिशातून स्क्रू ड्रायव्हर डोकावत होता. तिठ्यावरच वाड्यानं त्याला घेरलं. देवांची सिरियल हुकलेला वाडा म्हणजे काय ते ज्याचं त्यानं समजावं.

"तूच मारलस ना?"

"काय मारलंय?"

"अँटेना!"

"नेम धरलेलंय," सागर म्हणाला. हा मुलगा खरं बोलायचा, हाच त्याचा दोष. "टॉर्च अजून सरळ हा काय ता बघूक. लांबचा काय तरी बारीक दिसाक व्हया ना! बार नाय काढलंय. स्क्रू ड्रायव्हर पाळीक रवललो, तो हाडूक शेवटची बस धरून गेलंय."

"शेवटची बस काल वेळेवर गेलीच नाही!" कोणीतरी ओरडलं. "वाटेत बंद पडली होती!"

"तां माका म्हायत हा! धक्को मारूक मीच होतंय!"

कोणाला पटणार? दोघांनी त्याचे दंड धरले. तेवढ्यात चंद्रावतीवहिनी कंबरेवर हात दाबत धावत आल्या आणि मधे घुसल्या.

"सोडा त्याका! त्याणी कायेक करूंक ना! मी... "

"तुम्ही काय वहिनी?" शांतारामांनी हळूच विचारलं.

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. गर्दीच्या पलीकडे सुमनवहिनी उभ्या होत्या, त्यांनी अगदी बारीकशी मान हलवली. नाही म्हणून. हवालदारांनी ती पाहिली. बाकी कुणी नाही, कारण बाकी सगळे सागरच्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत होते.

"मी सांगते, तो गुणी आसा," वहिनींनी वाक्य कसंबसं संपवलं.

"सोडा पोराला," शांताराम म्हणाले. "दिवेलागणीला कृष्णाच्या परसात या. दोन्ही घरं. बाकीच्यांनी घरी बसा."

अर्थात बाकीचे सगळे आले.

५. टॉर्चची साक्ष

सूर्य समुद्रात गेला. परसात काळोख उतरत होता. चिऱ्यांच्या कुंपणाच्या या बाजूला कृष्णनाथ, त्या बाजूला पांडुरंग. दोघं एकमेकांच्या डोक्यावरून आकाश बघत होते. वाडा माडांना टेकून उभा.

शांतारामांनी बंदूक उघडून रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवलं.

"ऐका. सागरनं हिच्यावर टॉर्च बसवला तो सरळ. पण कृष्णानं बंदूक लटकवली चुलीवर. धगीनं रबर वितळलं आणि टॉर्चचं तोंड खाली पडलं. आता उजेड पडतो खाली आणि बार जातो वर. सागर, काळोखात तू अँटेनावर उजेड टाकून नेम धरला असतास, तर छर्रे कुठे गेले असते?"

सागरनं डोकं खाजवलं. "चांदण्यांत."

"बरोबर. म्हणजे ज्याला अँटेना मारायचा होता, त्याला तो लागलाच नसता. लागला तो अशा माणसाकडून, ज्याला अँटेना नकोच होता. मग त्याला काय हवं होतं? उजेड! या घरात काळोखात काही शोधायचं तर बंदूक उचलावी लागते. शोधणाऱ्यानं बंदूक खांद्याला नाही लावली, कंबरेशी धरली, कंदील धरतात तशी. बेलचं बटण समजून बोट पडलं चापावर. आणि बंदुकीचा दणका बसला..."

त्यांनी चंद्रावतीवहिनींकडे पाहिलं. वहिनींचा हात अजून कंबरेवरच होता. त्यांनी तो पटकन काढला, पण उशीर झाला होता.

"तू?" कृष्णनाथ म्हणाले. एवढाच शब्द.

"थांब. काय शोधत होत्या ते मी सांगत नाही. टॉर्च सांगेल."

शांतारामांनी बंदूक कंबरेशी धरली. मागच्या दारापासून चार पावलं पुढे गेले. नळी उचलत उचलत अँटेनाच्या वाकलेल्या दांडीवर आणली, एक डोळा मिटला, आणि पांढरं बटण दाबलं.

उजेड अँटेनावर पडला नाही. कौलांवरही नाही. तो पडला कुंपणावर. मधोमध एक चिरा निखळून आरपार भोक पडलं होतं. त्या भोकात, केळीच्या पानानं झाकलेली, स्टीलची वाटी होती.



शांताराम गेले, वाटी उचलली. पानाखाली बांगड्याचं हुमण होतं. गरम. बूड उजेडात धरून त्यांनी मोठ्यानं वाचलं: "सौ. सुमन पांडुरंग शेट्ये."

"माजी वाटी!" पांडुरंग ओरडला. "तुमगेर कशी?"

आता मात्र चंद्रावतीवहिनींचा बांध फुटला. "तुमी दोघांनी भांडण केलां त्या दिवशी ही वाटी आमच्याच घरात होती! सुमनान लोणचां दिल्लां त्यातून. दुसऱ्या दिवशी परत दिवची तर रिकामी कशी दिवची? मणगणें घातलां आणि हंय ठेवली, कोणाशी न बोलता."

"आणि मग ती माजेकडे आयली," कुंपणापलीकडून सुमनवहिनी म्हणाल्या. "मी तरी रिकामी कशी धाडूं? खतखतें घातलां."

"मग माका परत मणगणें घालचां पडलां."

"आणि माका..."

"किती दिवस?" कृष्णनाथनी क्षीण आवाजात विचारलं.

"भाषा सुरू झाली तेन्नाच्यान," दोघी एकदम म्हणाल्या.

महिनाभर एकच वाटी कुंपणातून ये-जा करत होती. ती थांबवायची तर कोणीतरी एकदा रिकामी द्यायला हवी होती, आणि तेवढं वाईट वागणं दोघींपैकी एकीलाही जमलं नव्हतं.

"काल सांजेक काळोख पडलो," चंद्रावतीवहिनी पदरानं डोळे पुसत सांगू लागल्या. "वाटी आयल्या काय ती बघूक बंदूक घेतली. बटण दाबलां तर काय, ढम्म! मी बसले खाली. बघते तर सुमन धावत आयली तिच्या जनेलाच्या गजांकडे. म्हणाली, जिती आसा मगो? मी म्हटलां, जिती आसा. खतखतें सांडूंक ना."

माडाखालून कोणीतरी फिसकन हसलं.

"म्हणजे," कृष्णनाथ सावकाश म्हणाले, "मी महिनाभर ज्या खतखत्याची तारीफ करत होतो..."

"तां माज्या बायलेचां!" पांडुरंगानं छाती फुगवली. मग त्याची छाती हळूहळू खाली बसली. "आणि मणगणें..."

"माझ्या बायकोचं," कृष्णनाथ म्हणाले.

दोघांनी महिन्यात पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं.

"घोडा चढवून ठेयता रे बंदूक कोण चुलीवर? बायल मेल्ली आसती तुजी!" पांडुरंग म्हणाला.

"चूक झाली," कृष्णनाथ म्हणाले. हे त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं. मग आवाज बसला आणि बोली बाहेर आली. "खरांच रे पांडू. मेल्ली आसती ती."

त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि अख्ख्या वाड्यासमोर तिची कंबर दुखते का म्हणून विचारलं. असा प्रश्न परबांच्या घराण्यात आजवर कुणी चारचौघांत विचारला नव्हता. वहिनी इतक्या लाजल्या की उत्तर सुमनवहिनींनाच द्यावं लागलं. "दुखता तर! काळी-निळी पडल्या. मी सकाळीच शेक दिलो."

रस्त्यावर फौजदारांची जीप थांबली.

"काय शांताराम, गोळीबार झाला म्हणे? तक्रार कोणाची?"

शांतारामांनी पांडुरंगाकडे पाहिलं. पांडुरंगानं हुमणाच्या वाटीकडे.

"तक्रार? कसली?" पांडुरंग म्हणाला. "वाऱ्यान पडलो अँटेना."

"डुकराला घाबरवायला बार काढला होता साहेब," शांताराम सलाम ठोकून म्हणाले. "डुक्कर फरार आहे. शोध चालू आहे. आणि बंदूक आजपासून रिकामी राहील, माझी हमी."

जीप गेली. सागरनं स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच उजेडात क्लिपा सोडवल्या. टॉर्च पुन्हा टॉर्च झाला, बंदूक बंदूक. क्लिपा मात्र फुकट गेल्या नाहीत. सागर शिडीवर चढला, कृष्णनाथनी खालून टॉर्च धरला, पांडुरंग "जरा उजवीकडे, अरे उजवीकडे म्हणता" करत राहिला, आणि रेडिएटरच्या त्या दोन क्लिपांनी छपरावरच्या पायपाला आवळलेला अँटेना पुन्हा ताठ उभा राहिला. दांड्या थोड्या कमी होत्या. पण पडद्यावर बातम्या देणारी बाई दिसली, तिला कान नव्हते एवढंच.

त्या रात्री पत्त्यांचा डाव मांडला गेला. हुमण तिघांनी मिळून संपवलं. डाव चालू असताना भाषेवरून एकदा कडाक्याचं भांडण झालं, पण पानं कुणी टाकली नाहीत.

उठताना पांडुरंगानं रिकामी वाटी हातात घेतली. कृष्णनाथ म्हणाले, "ने ती, तुझीच ती."

"माजी खरी. पण हातात पडली ती तुज्या घरातसून. दिवची तुका पडतली."

"मग दे इकडे, उद्या भरून देतो."

"तुज्या हातात तरी रिकामी कशी दिवूं?"

पांडुरंगानं खिसे चाचपले. विडी नव्हती, सुपारी नव्हती. मग त्याला काहीतरी सापडलं. मूठ वाटीवर उघडली आणि सकाळचे ते छर्रे वाटीत खणखणले.

"घे," तो म्हणाला. "तुजोच माल."